हिंदुरावाशी पाय जुळवा

"थांबवा! थांबवा ते!"

सुभेदार रावजी भोइट्यांनी हातातली काठी वर केली आणि अख्खा बँड एका श्वासात गप्प झाला. अख्खा म्हणजे मी सोडून. माझा ढोल आणखी एकदा वाजला. धम्म. मैदानाच्या कडेच्या बाभळीवरून कावळे उडाले आणि मग खरी शांतता पसरली.

सुभेदार माझ्यापर्यंत चालत आले. बँडमास्तर माणूस, रागावला तरी पाऊल मोजूनच टाकायचा. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. बुटांकडे बघत म्हणाले,

"हिंदुराव, हे पाय कुणाचे?"

"माझेच, साहेब."

"मग त्यांना जरा सांग, की गळ्यातला ढोलही तुझाच आहे. ढोल एक बोलतोय, पाय दुसरंच ऐकतायत."

"पाय जुळवतोय, साहेब."

"कुणाशी?"

पुढच्या रांगेत कृष्णात पोवार खांदे हलवून हसत होता. हा कृष्णात कॉर्नेट वाजवायचा, आणि तालाचा इतका पक्का की बराकीत झोपल्यावर त्याच्या घोरण्यावर कवायत घ्यावी. एकदा घेतलीही होती, पण ते जाऊ द्या.

"परवा तुझ्या ढोलावर बी कंपनी चालली," सुभेदार म्हणाले. "सलामीच्या चबुतऱ्यासमोर अर्ध्यांचा डावा पाय पुढं, अर्ध्यांचा उजवा. कर्नलसाहेब मला विचारतात, सुभेदारसाहेब, ही लंगडी कधीपासून सुरू केली? काय सांगू त्यांना?"

"चूक झाली, साहेब."

"चूक एकदा होते. तुझी रोज होते, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी होते. निदान एकाच ठिकाणी चुकत जा, म्हणजे बाकीच्यांना तरी सवय होईल." मग आवाज उतरवून म्हणाले, "महिनाअखेरीला कर्नलसाहेब स्वतः परीक्षा घेणार आहेत. पास झालास तर बँडात. नाहीतर परत धोंडीखाली. कळलं?"

कळलं होतं. धोंड म्हटलं की माझी पाठ आपोआप वाकायची.

ही धोंड काय ते सांगतो. पलटणीत मी मॉर्टरवर होतो. मॉर्टर म्हणजे तिरका उभा केलेला जाड नळा. तोंडातून गोळा आत सोडायचा, तो डोंगर ओलांडून पलीकडे पडतो. नळा जमिनीत रुतू नये म्हणून त्याच्या बुडाखाली लोखंडाची जाडजूड प्लेट बसवतात. तीच धोंड. गोळा कुणीही सोडतो, नेम कुणीही धरतो, पण डोंगर चढताना ती प्लेट एकाच्याच पाठीवर असते. आमच्यात ती माझ्या पाठीवर होती. तिच्या वजनानं माझी उंची दोन बोटं कमी झाली. सुट्टीवर घरी गेलो तर बायकोनं दारातच विचारलं, कोण पाहिजे? पाठीवर तिच्या कडांचे वळ असे उठले होते की नदीवर अंघोळीला गेलं की म्हातारी माणसं सोंगट्या घेऊन मागं लागायची. हसू नका, माझी पाठ अजून शाबूत आहे, दाखवीन.

शेवटी मी इतका दमलो की झोपूनही थकवा जाईना. झोपेत सुद्धा मी चढच चढत असे. मग एके दिवशी बँड बघितला. इस्त्रीचे कपडे, पितळेची बटणं, ऑफिसरांच्या मेसमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला वाजवायचं आणि वर खीर खायची. मी जाऊन मेजरसाहेबांना सांगितलं, ट्रेड बदलायचाय. पलटणीत ज्याचं जे काम ठरलेलं, त्याला ट्रेड म्हणतात. मेजरसाहेब म्हणाले, "बदल की. पण प्लेट उचलणारा दुसरा माणूस आणून दे."

असा माणूस पलटणीत एकच होता. गुंडू चौगुले. गडहिंग्लजकडचा पैलवान. तो बसला की बाक कुरकुरायचा आणि उठला की बाक हसायचा. लंगरात, जेवणाच्या रांगेत मी त्याला गाठलं.

"गुंडू, माझी धोंड घेशील का?"

"दे की. तालमीत यापेक्षा जड गडी उरावर घेऊन पडायचो."

"खरंच घेशील?"

"पर एक अट हाय." त्यानं ताट पुढं करून आणखी भात वाढायला लावला. "तुझ्या मामाच्या भोपळ्याचं पुढं काय झालं, ते सांगायचं. मधीच सोडून पळतोस तू."

माझ्या मामाच्या मळ्यातला भोपळ्याचा वेल एका पावसाळ्यात नदी ओलांडून पलीकडच्या गावात गेला होता. मूळ आमच्याकडे, भोपळा त्यांच्याकडे. दोन्ही गावांची जुंपली. वेल इतका जाड की लोक त्याच्यावरून नदी पार करायला लागले. मग तलाठी आला. इथवर मी गुंडूला सांगितलं होतं. भोपळा कुणाचा ठरला, ते मात्र राखून ठेवलं होतं. का, तर मलाही अजून ठाऊक नव्हतं.

"सांगीन," मी म्हटलं.

अशी धोंड गुंडूच्या पाठीवर गेली आणि मी बँडात आलो. मला बासरी द्या, असं मी सुभेदारांना सांगितलं. वजनाला ती सगळ्यांत हलकी. त्यांनी माझे खांदे बघितले आणि मोठा ढोल गळ्यात अडकवला. ओझं पाठीवरून पोटावर आलं. एवढीच बढती.

महिनाअखेर आलीच नाही. त्याआधी सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला आणि पलटणीला निघायचा हुकूम मिळाला. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ढोल, सगळं लाकडी खोक्यांत गेलं, खोक्यांना खिळे ठोकले गेले. माझा जीव हलका झाला. परीक्षा टळली होती. तेवढ्यात स्टोअरचा हवालदार बांबूचे दांडे आणि कॅनव्हासच्या गुंडाळ्या आमच्यापुढे टाकून गेला.

"हे काय, साहेब?" मी विचारलं.

"तुझं दुसरं वाद्य," सुभेदार भोइटे म्हणाले. "स्ट्रेचर. जखमींना खाली आणायचं काम बँडचं. गोळ्या चालू असताना आपण काय चाली वाजवत बसणार होतो, असं वाटलं तुला?"

"मला कुणी सांगितलं नाही, साहेब."

"सांगितलं असतं तर आला असतास व्हय?" कृष्णात म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. माणूस दुसरं काय करणार.

डोंगराच्या पायथ्याशी छावणी पडल्यावर सुभेदारांनी सराव घेतला. स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले, छातीवर चहानं काठोकाठ भरलेला मग ठेवला आणि म्हणाले, "उचला. चला." कृष्णात आणि आणखी तिघांनी उचललं. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. चारही जणांचा डावा पाय बरोबर पडतोय, उजवा बरोबर पडतोय, जशी काही प्रजासत्ताकदिनाची परेड. थोड्याच वेळात सुभेदार ओरडत उठून बसले. सगळा चहा मिशांत.

"पुन्हा!"

पुन्हा चहा भरला, पुन्हा सांडला. काय चुकतंय, मला काही कळेना.

"साहेब, मी धरू का एक टोक?"

सुभेदारांनी मिशा पुसल्या. "तू? तुला सपाट मैदानात चालता येत नाही, डोंगरात माणूस सांभाळशील? तू पाण्याचे डबे वाहा. आणि हे बघ, परीक्षा राहिली आहे हे विसरू नकोस. हे सगळं निस्तरलं की कर्नलसाहेब पहिली गोष्ट ती विचारतील. मी खोटं सांगणार नाही."

त्या दिवसापासून मी पाणी वाहत होतो. एका हाताला एक डबा, दुसऱ्या हाताला दुसरा. मला वाटलं, या पलटणीत असा एकही ट्रेड नसेल का, ज्यात माणूस रिकाम्या हातानं चालतो?

आमच्या पलटणीनं घेतलेल्या टेकडीला आम्ही बोडकी म्हणत होतो, कारण तिच्यावर गवताची काडी नव्हती. टेकडी सकाळीच ताब्यात आली. पण पलीकडून तोफा चालू होत्या, आणि दुपारी एक गोळा नेमका मॉर्टरच्या मोर्चाजवळ पडला. बँडवाले सकाळपासून वर-खाली करत होते. त्यांचे चेहरे धुळीनं एकसारखे झाले होते, कोण कुठला ओळखू येत नव्हतं. मी डबे घेऊन वर पोचलो तेव्हा एक स्ट्रेचर उचलायच्या तयारीत होतं, पण चौघांतल्या एकाचा पाय दगडात मुरगळला होता आणि तो बाजूला बसून बूट काढत होता.

स्ट्रेचरवर गुंडू होता. मांडीचं हाड मोडलेलं, दोन्ही बाजूंनी फळ्या बांधलेल्या, वर जाड पट्टी. एवढा मोठा गडी, त्याचे पाय कॅनव्हासच्या बाहेर लोंबत होते.

"हिंद्या," तो म्हणाला, "धोंड वरच राहिली रं."

"राहू दे. डोंगर तिच्यावर बसलाय, आता ती कुठं जात न्हाई."

सुभेदार भोइट्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. "हिंदुराव, मागचा उजवा दांडा धर. पट्टी लाल होऊ द्यायची नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, रक्त पुन्हा सुटलं तर नाल्यापर्यंत टिकायचा नाही. नाल्यात मदत-ठाणं आहे. चला."

उचललं. देवा! धोंड परवडली, असं वाटलं. धोंड निदान कण्हत नाही.

वरचा उतार सगळा खडकांचा. तिथं ज्याला जसं पाऊल मिळेल तसं तो टाकत होता, आणि गुंडू गप्प पडून होता. खाली खेचरांची पायवाट आली. सपाट, पायाखाली मऊ माती. मला हायसं वाटलं. आणि तिथंच गुंडू किंचाळला.

स्ट्रेचर वर-खाली उसळत होतं. प्रत्येक पावलाला कॅनव्हास झोपाळ्यासारखा खाली जायचा आणि वर यायचा, आणि त्याबरोबर गुंडूची मांडी. सुभेदार बाजूनं धावत आले.

"पाय मोडा! पावलाला पाऊल जुळवू नका! किती वेळा सांगितलं? चौघांची पावलं एकदम पडली की असंच उसळणार!"

तेव्हा मला तो चहा कळला.

तिघांनी पावलं मागं-पुढं केली. जरा बरं चाललं. पण थोडी वाट सरली आणि पुन्हा खट, खट, खट, तिघांचे बूट एकाच वेळी जमिनीवर. कवायतीत जन्म गेलेला. सकाळपासून उभे, पोटात काही नाही, डोळे मिटत चाललेले. माणूस दमला की डोकं थांबतं आणि पाय त्यांना शिकवलेलं तेच करत राहतात. माझं एकट्याचं पाऊल वेगळं पडत होतं खरं, पण तिघांपुढे एकट्याचं काय चालणार?

"साहेब, आपोआप पडतात हो," कृष्णात म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी मोडतो, ते परत जुळतात."

"खाली ठेवा मला," गुंडू म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "साहेब, ठेवा. खेचरं आली की जाईन."

"खेचरं उद्या येतील."

पट्टीच्या कडेला ताजा लाल डाग दिसायला लागला होता. सुभेदारांनी डाग बघितला. मग माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बुटांकडे बघितलं. अगदी मैदानावर बघायचे तसंच.

"हिंदुराव, पुढं ये."

"साहेब?"

"पुढचा डावा दांडा घे. कृष्णात, तू याच्या मागं. आता तिघांनीही ऐका. हिंदुरावाशी पाय जुळवा. हुकूम आहे."

कृष्णात बघतच राहिला. "याच्याशी? साहेब, याच्याशी आजवर कुणाचा पाय जुळलाय?"

"तेच म्हणतोय मी. उचला!"

आम्ही चाललो. मी माझा चाललो, जसा आयुष्यभर चालत आलोय तसा. लांब, आखूड, मध्येच दोन उजवे टाकल्यासारखं काहीतरी. मागं कृष्णात पुटपुटत होता, "डावा... न्हाई... आता उजवा... अरं, हा कुठला काढला?" तिघंही माझ्याशी जुळवायला बघत होते आणि तिघंही तीन ठिकाणी चुकत होते. स्ट्रेचर मात्र तेलावरून घसरत जावं तसं चाललं होतं. सुभेदार बाजूनं चालत पट्टीवर हात ठेवून होते.

बराच वेळ गुंडूचा आवाज आला नाही. मला मागं बघता येत नव्हतं.

"गुंडू?"

काही नाही.

"गुंडू, मग तलाठी आला बघ. त्यानं वेलावर चौकी बसवली. जाणाऱ्या-येणाऱ्यानं कर द्यायचा."

मागून पुसटसं आलं, "थापा."

"थापा कशाच्या? चौकीवर माझा चुलतभाऊच होता. मग भोपळा वाढता वाढता त्या गावाच्या चावडीला भिडला. चावडी एका बाजूला कलली."

"हाड्. चावडी कशी कलंल?"

तो "थापा" म्हणाला की शुद्धीवर आहे, एवढं मला कळायचं. म्हणून मी थापा मोठ्या करत गेलो. भोपळा पोखरून आत लग्न लावलं. वऱ्हाड आत गेलं ते पंगती उठेपर्यंत बाहेर आलं नाही. वाजंत्री आत वाजवायला लागले तर भोपळा असा घुमला की पन्हाळ्यावर ऐकू गेलं. गुंडू दर वेळी उशिरा आणि हळू बोलत होता. माझा घसा कोरडा पडला, खांद्यातून कळा निघत होत्या, हाताची बोटं दांड्याला चिकटल्यासारखी बधिर झाली होती. एका वळणावर तो बोललाच नाही, तेव्हा मी भोपळ्यात हत्ती घातला. त्यावर थोड्या वेळानं आवाज आला, "हत्ती न्हाई. हत्ती न्हाई बसायचा." मला रडू आलं. पण रडत चाललो तरी पाऊल माझं तेच.

नाल्यात उतरलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. डॉक्टरसाहेबांनी पट्टी उचलून बघितली आणि मान हलवली. चांगल्या अर्थानं. गुंडूला आत नेताना त्यानं माझा हात धरला.

"भोपळा कुनाचा ठरला, ते सांग."

"बरा होऊन ये, मग सांगतो."

आम्ही चौघं तिथंच मातीत बसलो. सुभेदारांनी कुठूनसा चहाचा मग पैदा केला, स्वतः एक घोट घेतला आणि माझ्याकडे दिला.

पलटण परतल्यावर परीक्षा झालीच. मी ढोल वाजवला, कर्नलसाहेबांनी ऐकला, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"सुभेदारसाहेब, याला वाजवता येतं?"

"नाही, साहेब."

"ताल?"

"बिलकूल नाही, साहेब."

"शिकेल?"

"देव करो आणि न शिको, साहेब."

कर्नलसाहेबांनी कागदावर सही केली. बोडकीवरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असणार. सुभेदारांनी मला बाहेर बोलावलं आणि हातात क्लॅरिनेट ठेवली. तोंडाशी धरायची ती पातळ पट्टी तिच्यात नव्हतीच. "मधल्या रांगेत मधोमध उभा राहा. फुंकायचं, गाल फुगवायचे. आवाज काढलास तर धोंडीखाली. आणि पाय सुधारायचा प्रयत्न केलास तरीही."

पेन्शनीपर्यंत मी बँडात होतो. एक सूर न काढता किती मेसमध्ये खीर खाल्ली, त्याची मोजदाद नाही. माझ्या सगळ्या गोष्टींत लोकांना हीच थाप वाटते. मी वाद घालत नाही. दमलो आता.

एवढं खरं, की माझ्याबरोबर कुणाला चालता येत नाही. बायको देवळात जाताना पुढं निघून जायची. मुलगा मागं राहतो. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटला आणि बरोबर चालायला लागला, तर थोड्या वेळात त्यालाच ठेच लागते.

गुंडू जगला. त्याची मांडी जुळली, पण पाय आखूड राहिला. पैलवानकी गेली, भूक गेली नाही. वर्षातून एकदा मी त्याच्या गावी जातो, यंदाही गेलो होतो. त्याची सून म्हणाली, आबा, बाजारातून भाजी आणा. आम्ही दोघं म्हातारे पिशवी घेऊन निघालो. येताना तो म्हणाला,

"आता तरी सांग. भोपळा कुनाचा ठरला?"

"घाई काय?"

"मरायच्या आत सांग म्हंजे झालं."

"सांगितलं की तू मरशील, म्हणून तर राखून ठेवलंय."

त्यानं काठी उगारली आणि मग मध्येच थांबून खाली बघितलं. मीही बघितलं. धुळीत दोघांची पावलं उमटत आली होती. त्याचं लंगडं लांब-आखूड पाऊल आणि माझं. जोडीजोडीनं. एकही चुकलेलं नाही.

मी घाईनं पाय मोडला. जुनी सवय.

गुंडू हसला.

"राहू दे की, हिंद्या. आता स्ट्रेचरवर कोन हाय?"